तीन अक्षरं आणि एक ठिपका

एकोणीस पत्रं झाली.
पहिलं इंग्रजीत, हरिणीकडून लिहवून घेतलेलं,
‘आदरणीय मालक’ असं सुरू होणारं,
कारण नोंदीत नावाच्या जागी नुसता पडदा होता
आणि पडद्याला एक पत्ता, जो कुणाचाच नव्हता.

मेरगू डॉट कॉम.
टॉवेलच्या काठावर जकार्डनं विणलेली तीन अक्षरं,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये दिवसाला चौदाशे वेळा,
आणि ठिपका लावला की
तीच दुसऱ्या कुणाची तरी, अकरा वर्षं.
उघडलं तर पांढरं पान,
पिवळी टोपी घातलेला एक माणूस, हातात फावडं:
‘लवकरच येत आहोत.’
अकरा वर्षांत त्यानं एक घमेलं माती काढलेली नाही.

भाव करायला मला कुणी शिकवायला नको.
चाटी गल्लीत दोन रुपयांसाठी
तीनदा पायऱ्या उतरलोय
आणि ‘अहो शेठ, या की’ ऐकून तीनदा चढलोय.
सगळा धंदा त्या हाकेवर चालतो.
पाठ फिरवायची, चपला सावकाश शोधायच्या.
इथं पाचव्या पत्रात पाठ फिरवली:
‘तर मग राहू द्या.’
महिनाभर चपला शोधत बसलो.

दहा हजार म्हणालो. पंचवीस.
मग एका मागाची किंमत,
भंगाराच्या भावानं नव्हे, चालत्या मागाच्या.
समोरून ‘नाही’सुद्धा येत नसलं की
माणूस स्वतःशीच बोली वाढवत जातो;
रात्री मीच पाडतो, सकाळी मीच चढवतो,
हमालाविना, दलालाविना.

कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणाला, काका,
मधे एक आडवी रेघ टाका, लगेच मिळेल.
रेघ म्हणजे? काठात तुटलेला धागा दिसतो तशी.
गिऱ्हाईक बोटानं तेवढंच चाचपतं.

लग्नात पंगतीला बसलेल्या प्रत्येक मेरगूला विचारलं,
तुझं आहे का रे ते?
अंबय्या काका वाटी खाली ठेवून म्हणाले,
किती गुंठे?

नऊ मार्चला मुदत संपते म्हणून
रात्री बारापर्यंत जागलो.
कुणी मरणाची वाट बघतो तसं वाटून
स्वतःचीच लाज वाटली.
बाराला दोन मिनिटं असताना वर्ष वाढलं.
म्हणजे आहे कुणीतरी.
किंवा माणूस कधीच गेलाय
आणि त्याचं कार्ड अजून इमानानं पैसे भरतंय.

विसावं पत्र तेलुगूत लिहिलं.
लिपी येत नाही, शाळा मराठी,
म्हणून देवनागरीत, आईशी बोलतो तसं.
पाण्याचा पाचवा दिवस, मोटर लावून बसलो होतो.
लिहिलं की ऊन फार वाढलंय,
पत्र्यावर पोती टाकून पाणी मारतोय,
सूत महागलं, दोन माग बंद ठेवलेत,
हरिणी बारावीला आहे, गणितात बरी आहे.
किंमत लिहायची राहून गेली.

पावणेचारला उत्तर आलं.
एकच शब्द, माझ्यासारखाच देवनागरीत:

एवरू?

‘कोण?’ म्हणायचं त्याला मराठीत, पण तेवढंच नाही.
आमच्याकडे दार वाजलं की
हात ओले असलेलं माणूस आतून विचारतं, तसा शब्द,
कडी निघायच्या आधीचा.

आता उत्तर द्यायचंय.
दारात उभं राहून कुणी नाव सांगत नाही,
नुसतं ‘मी’ म्हणतात; आवाजावरून ओळख पटते.
इथं आवाज कुठून आणू?
‘मेरगू’ टाइप केलं, आणि खोडलं.
ते तर आतल्याचं नाव.

टाकी भरून वाहायला लागलीय,
गल्लीतून कुणीतरी ओरडतंय, ओ, मोटर बंद करा,
पाणी पाच दिवसांनी येतं, कळतं का?
कळतं.
उठत नाहीये.