खालून दुसरा खण

खालून दुसऱ्या खणात असतो तो.
खण अडतो, गुडघा लावून ओढावा लागतो.
आत कागद, कागदात फडकं, फडक्यात
म्हशीच्या खुरासारखं काळं, टणक काहीतरी.
फणसांबा.
म्हाताऱ्या फणसाच्या खोडाला कान फुटावा तसा फुटतो
आणि झाड पडेपर्यंत ऐकत राहतो.

भुलेश्वरच्या या दुकानात मी एकोणतीस वर्षं पुड्या बांधतोय.
आधी लोक यायचे ते पावशेर हिरडा, तोळाभर वेखंड
आणि बाळाची लाळ थांबत नाही म्हणून
नखाएवढा फणसांबा न्यायला.
“सहाणेवर तीन वळसे. चौथा नाही,”
दामजीशेठ तीन बोटं वर करून सांगायचे,
जणू त्यांच्या आजोबांनी तो हिशेब
बोटांतच ठेवून दिला होता.

आता लोक मोबाईल पुढे करतात.
व्हार्निश मारल्यासारखी एक तांबडी अळंबी,
सिंहाच्या आयाळीची एक पांढरी,
टर्कीच्या शेपटीची एक पट्ट्यापट्ट्यांची.
मेंदूला चांगली म्हणे. झोपेला म्हणे.
प्रतिकारशक्तीला तर हमखास, म्हणे.
बरणीवर डोंगर, डोंगरावर धुकं, आत साठ कॅप्सूल,
अठराशे रुपये.
धाकट्या शेठनी समोरच्या काचेत मांडल्यात, वर दिवा लावून.
खपतात.
मी फक्त ‘म्हणे’ एवढंच जोडतो.
गुमास्त्याला तेवढी मुभा आहे.

मागच्या महिन्यात भर दुपारी एक बाई आल्या,
भंडाऱ्याकडच्या. फुलवंता नाव, फाईलवर नवऱ्याचं.
परळला त्याचे लाईट चालू, एकवीस झाले, बारा राहिले.
तोंड आतून सोललेलं, पाणीसुद्धा झोंबतं.
धर्मशाळेत कोणी सांगितलं, अळंबीनं गाठ विरते.
रुमालाची गाठ सोडून त्यांनी नोटा काचेवर ठेवल्या,
शंभराच्या अठरा, घामानं मऊ झालेल्या.

धाकटे शेठ जेवायला गेले होते.

“डॉक्टरांना विचारलंत?”
“त्यांच्यापुढं तोंड उघडत नाही कोणाचं,
ह्यांचं दुखून, माझं भिऊन.”

मी पुडीच्या कागदावर बरणीवरचं नाव उतरवून दिलं.
म्हटलं, हे दाखवा. हो म्हणाले तरच या.
नोटा परत त्यांच्याकडे सरकवल्या.
हात खालच्या खणाकडे गेला होता, खोटं कशाला बोलू.
पण उघड्या जखमेवर सहाणेचं पाणी?
एकोणतीस वर्षांचे माझे तीन वळसे
मला एकदम परके वाटले.

मग नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
भाजीबाजारात ढिंगरी मिळते, शिंपल्यासारखी.
खूप शिजवा, घोटा, कोमट द्या, तिखट नको.
औषध म्हणून नाही हो. जेवण म्हणून.
आणि तेही विचारूनच.

बाई पहिल्यांदा हसल्या.
“आमच्याकडे सात्या निंगतात, वारुळावर.
हे रात्री कंदील घेऊन बसत राखणीला,
पहाटे दुसऱ्यानं नेऊ नये म्हणून.
एका वर्षी सापावर पाय पडता पडता राहिला,
तरी टोपली सांडली नाही.”
आणि मग कितीतरी वेळ
त्या सात्यांच्या भाजीबद्दल बोलत राहिल्या,
जवसाचं तेल किती, लसूण केव्हा,
गिऱ्हाईकं मागे खोळंबली तरी.

दहा दिवसांनी पुन्हा आल्या.
कॅप्सूलला डॉक्टर नाही म्हणाले, सध्या तरी.
ढिंगरीला हरकत नव्हती.

“प्यायले?”
“अर्धी वाटी.”
“चव लागली?”
“चव कुठली. पण वाटी खाली ठेवली आणि म्हणाले,
मीठ कमी आहे.”
आणि डोळ्यांना पदर लावून
बाई माझ्याकडे अशा पाहत राहिल्या
की मीच काहीतरी सांगायला हवं होतं.

मी खण उघडून त्यांना फणसांबा दाखवला. नुसता, बघायला.
त्यांनी हातात घेतला, वास घेतला, परत दिला.

धाकट्या शेठनी आतून विचारलं, काय घेतलं बाईंनी?
काही नाही, म्हटलं,
आणि खण बंद करायला गुडघा लावला.