आडोसा

सातुर्निनो कोल्के छाती पाटीला टेकवून उभा आहे.
उघड्या पाठीवर जुन्या दगडाचे दोन निळसर ओरखडे.
बत्तीस वर्षं पोतोसीच्या डोंगरात, आत.
आता चार पायऱ्या चढला
तरी त्याच्या छातीत कुणीतरी रिकामं पोतं ओढत नेतं.

"हनुवटी वर, ताता. खांदे पुढे.
मी सांगेन तेव्हा श्वास रोखायचा."
आणि मी वळते
रोजच्यासारखी, भिंतीमागे जायला.

"थांब, निएवेस."
मान न वळवता, नुसत्या चपलांच्या आवाजावरून.
"वात पेटवून
माणसाला तिथंच सोडून जात नाहीत.
आमच्यात तरी नाही."

काय बोलणार?
त्याच्या लेखी हे सगळं सुरुंगाचंच:
थोडं थांबायचं, लांब जायचं,
वळणाआड, मध्ये खडक घेऊन उभं राहायचं.
हेच तीन नियम शिकायला
मला सुक्रेत दोन वर्षं लागली, वर परीक्षा, वर शिक्का.
त्याला ते सोळाव्या वर्षी कळले,
एक सोबती वेळेत वळला नाही तेव्हा.

"ताता, तुमचा हा एकच, आणि एवढासा.
आपल्या या उंचीवर आभाळातून, दगडातून
जे असंही रोज झिरपत असतं
त्यातलं थोड्या दिवसांचं, बस.
माझे मात्र दिवसाला चाळीस."
खिशावरचा बिल्ला दाखवला.
"हा माझा हिशेब ठेवतो. तीन महिन्यांनी ला पासला जातो.
आडोशाला गेले नाही तर चुगली करतो."
तो हसला. हसताना खोकला.
खोकला संपेस्तोवर मी बटणापासून हात लांब ठेवला.

"आणि ती शिशाची झूल? मागल्या खेपेला घातली होतीस."
"आता नाही घालत. कधी सरकते,
बघायचं तेच झाकते, मग पुन्हा काढा.
पुन्हा काढणं, तेच तर टाळायचं."

दाराशी त्याची एर्मेलिंडा, हातात बापाचा कोट.
तिच्या जवळ गेले, आवाज खाली घेतला,
हे मला प्रत्येकीला विचारावंच लागतं:
दिवस गेलेत का?
तिने कोटाचं एक बटण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.
आणि काही न बोलता बाहेर गेली.

सातुर्निनो पाटीला चिकटलेला, पाठमोरा.
त्याला दिसलं काहीच नाही,
फक्त दार लागलेलं ऐकू आलं.
"श्वास घ्या. रोखा."
असा रोखला
की "सोडा" मला दोनदा म्हणावं लागलं.

पडद्यावर दोन्ही फुप्फुसांत
बारीक पांढरा रवा सांडल्यासारखा.
किरण आत गेला, बाहेर पडला, संपला.
हा रवा आधीचा. हा गेलाच नाही कुठे.
त्याचा हिशेब ठेवायला
कुणी त्याला बिल्ला दिला नव्हता.

सदरा चढवताना त्याने फोटोचं विचारलंच नाही.
भिंतीशी गेला,
मधल्या बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला,
खाणीत छत तपासतात तसं.
"पलीकडे बाक आहे ना?"
"आहे."
"आत शिसं?"
"दोन मिलिमीटर. आपल्याच डोंगरातलं असेल, कोण जाणे."

तो जरा वाकला, गुडघ्यावर हात ठेवून,
आणि बसलेल्या बाईचं पोट येईल
तेवढ्या उंचीवर पुन्हा ठोकलं.
"इथंही?"
"इथंही, ताता.
खाली फरशीपर्यंत."