बट्टी जरा कडक होती

दुपारी कार्यालयात साडेआठशे पान उठलं.
वरणबट्टी, घोटलेली वांगी, वर तूप हात आखडता न घेता.
तरी वरपक्षाचे एक काका
गाडीत बसेपर्यंत सांगत राहिले :
बट्टी जरा कडक होती.

रात्री मी भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर
प्राणिसंग्रहालय चालवते.
सावद्याचा मे महिना. पंखा गरम हवा
या भिंतीकडून त्या भिंतीकडे पोचवतो, बस.

तिथे बरं असतं.
पाव्हण्यावर बाण नेला
की डोक्यातलं डोक्यावर उमटतं :
तहान लागली.
बसायला जागा नाही.
वाघ दिसला नाही, पैसे वाया.
व्याह्यांच्या डोक्यावर असं उमटलं असतं
तर वीस वर्षांत माझे गुडघे वाचले असते.

शिकत गेले.
बाकाचं तोंड पाण्याकडे.
शौचालय जवळ, पण भज्यांच्या गाडीपासून लांब
(हे मला कुणी शिकवायला नको होतं).
वेफर्सवर मीठ चिमूटभर जास्त,
म्हणजे पुढच्या वळणावर सरबत खपतं.
आमचा चिंधू आचारी उलटं करतो,
मठ्ठा पुरावा म्हणून भाजीत तिखट मारतो.
अमळनेरकडचा. म्हणतो,
पाव्हना खूश नही व्हस ताई, त्यानं पोट भरस.

लोकेश म्हणतो, मावशी, तू झाडं फार लावते.
त्याच्या खेळात कडुनिंब नाही,
मी कुठलंसं परदेशी झाड
कडुनिंब समजून लावते.
सावलीतला माणूस तक्रार करत नाही,
निदान लगेच तरी.

वाघाचं मात्र जमेना.
गुहा दिली, की तो गुहेत.
लोक काचेला नाक लावून थांबतात
आणि लाल चेहऱ्याने पुढे जातात.
गुहा काढली, लोक हिरवे झाले
आणि वाघ कुंपणाच्या कडेकडेने
एकच वाट मळत राहिला
गवत उडेपर्यंत.
अशी मी नवरी पाहिली आहे. एक नाही, कितीतरी.
उंच खुर्ची, समोर मोठे दिवे, चार तास,
पाण्याचा पेलासुद्धा फोटोत येतो म्हणून लांब.

गुहा परत दिली. गल्ला बसला.

पहाटे गच्चीवरून, धूळ नसली तर,
केळीच्या बागांपलीकडे सातपुडा दिसतो.
कुणी म्हणतं, आहे तिकडे, पालच्या अंगाला.
कुणी म्हणतं, आता कुठला.
तिकीट नाही,
म्हणून कुणी भांडत नाही.

परवा एक रस्ता पुसताना
एक पाव्हणा मधेच राहिला.
चार फरश्या, भोवती गवत.
गवतावर पाय टाकायचं त्यांना ठाऊकच नाही.
निळा सदरा, हातात फुगा.
मी त्याला सुकलाल म्हणते.

लाज वाटून त्याला बाक दिला, झाड दिलं,
एक अख्खी सरबताची गाडी, त्याच्या एकट्यासाठी.
साऱ्या बागेत हाच सगळ्यात हिरवा.
सरबत छान आहे. झाड छान आहे.
आणि मधूनच, जांभईसारखं :
घरी जायचंय.

आमच्यात पाव्हण्याला असं सोडत नाहीत.
बसा हो. अजून एक बट्टी. गाडी काय, दुसरी मिळेल.
मीही दोन रात्री त्याला बसवलं,
त्याच्यामुळे सरासरी वर होती.

आज दीडच्या सुमाराला रस्ता जोडला.
तो उठला. फुगा घेऊन सरळ दाराकडे,
वाघाकडे मानसुद्धा वळवली नाही.
दारातून निसटायच्या आत मी बाण नेला
त्याच्या डोक्यावर :
बाक जरा कडक होता.

एकटीच हसले, मोठ्याने. पंखा थांबला.
लाइट गेली.
या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली,
आणि खेळ साठवायचा राहिला.

म्हणजे तो परत तिथेच असणार,
चार फरश्यांवर, सरबत पीत.

अंधारात घाम पुसत बसले आहे.
लाइट आली की आधी रस्ता.