उजवा कान

गंगापूर धरणाच्या पाण्यात आठ हायड्रोफोन
एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बांधून सोडलेत,
शेजाऱ्या-शेजाऱ्यात अर्ध्या तरंगाचं अंतर.
जास्त ठेवलं तर खोटे कोन उगवतात,
एका होडीच्या तीन होड्या होतात.
फारच कमी ठेवलं
तर सगळे कान एकच गोष्ट सांगत बसतात.

निवृत्ती बेंडकुळे वल्हं आडवं ठेवून विचारतो,
"ताई, एवढे कान कशाला? आम्हाला दोनात भागतं."
त्याच्या होडीखाली आमचा पिंगर टिकटिकतोय.
टिक पहिल्या कानाला आधी लागते,
आठव्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाचा
जेमतेम पाचवा हिस्सा उशिरा.
तेवढ्या उशिरातून
मला निवृत्ती काढायचा असतो.

पडद्यावर एक टोक चौतीस अंशांवर,
दुसरं एकसष्टवर, तितकंच ठाम.
एकसष्टवर कुणी नाही.
धरणाच्या दगडी उतारावरून परतलेली तीच टिक आहे ती,
दुसऱ्याच माणसाच्या रुबाबात आलेली.
आणि पट्टीला पुढचं-मागचं कळत नाही,
तेव्हा निवृत्ती खरं तर
माझ्या पाठीमागेही असू शकतो. मी वळून बघते.

मग गोंगाट मोजायला घेते.
वारा, पाणीपुरवठ्याचा पंप,
बोट क्लबची ती एक उनाड मोटारबोट,
सगळ्यांना मिळून एक जागा द्यायची
आणि विचारायचं, हिच्याशी काटकोनात कोण उभं आहे?
हवं ते आम्ही थेट शोधत नाही.
ओल्या पट्टीवर एक खंड्या येऊन बसतो,
चौथ्या कानाला त्याचं वजन ऐकू येतं.

दादांना एकच कान आहे.
ओझरला इंजिनांच्या चाचणीत सत्तावीस वर्षं काढली,
डावा तिथेच राहिला,
पेन्शनच्या कागदांत त्याची नोंद नाही.
देवळालीत तोफांचा सराव सुरू झाला
की विहितगावात आमच्या काचा थरथरतात
आणि दादा उजवीकडे बघतात.
नेहमी उजवीकडे.
तिकडे कधी कपाट असतं, कधी भिंत,
एकदा नुसताच मीटर बघायला आलेला वायरमन होता,
तो घाबरला.

आता त्यांनी स्वतःची युक्ती काढलीय.
हाक आली की उभे राहतात,
अंगासकट हळूहळू फिरतात,
जिथे आवाज सगळ्यात मोठा, तिथे थांबतात.
यावर माझा सोळा पानांचा शोधनिबंध आहे.
दादांनी तो चष्मा लावून वाचला
आणि फक्त एक स्पेलिंगची चूक दाखवली.

संध्याकाळी धरणावरून येते, पायांना शेवाळाचा वास.
ते ओट्यापाशी, मी दारात, त्यांच्या डाव्या हाताला.
"दादा."
उजवीकडे बघतात. तिथे मिक्सर.
पूर्वी मी धावत जाऊन समोर उभी राहायचे.
आता हलत नाही,
स्रोत सरकला की सगळी मोजणी वाया जाते.
"दादा."
ते फिरायला लागतात, चहाची गाळणी हातात तशीच,
थेंब फरशीवर अर्धवर्तुळ काढत जातात.
"दादा, मी इकडे."
थोडे पुढे जातात, परत येतात,
थांबतात.

चेहरा माझ्याकडे नाही, खिडकीकडे,
पलीकडच्या टाकीवर बसलेल्या कबुतरांकडे.
कान मात्र माझ्यावर,
एका अंशाच्या आत.
"बोल," म्हणतात.