दाखल क्रमांक तीनशे बारा

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, जुन्या जकातघरात
आमचं संग्रहालय. दोन दालनं, एक न्हाणीघर.
न्हाणीघराला आम्ही प्रयोगशाळा म्हणतो.
भिंतीवरचा काटा आज चौऱ्याऐंशीवर,
हवेतलं पाणी मोजणारा.
वीज गेली की त्याच्याही काचेला घाम फुटतो.

नोंदी मी करतो.
वस्तू, काळ, कुणाकडून, स्थिती.
स्थितीत बहुतेक तेच ते:
कसर. बुरशी. मीठ.
मीठ सगळ्यांत जास्त.
ते गंजिफांच्या लाखेखाली शिरतं,
चौकटींचे खिळे फुगवतं,
कुण्या ड्रॉइंगमास्तरांच्या जलरंगी आभाळाला
पुरळ आणतं.

बेनितबाई लोबो
कापसाचा बोळा जिभेवर ओला करतात
आणि एका अनोळखी बाईचा चेहरा पुसतात.
सहा महिने झाले. म्हणतात, थुंकीसारखं औषध नाही.
गाल निघाला. कान निघाला.
कानात कुडी निघाली त्या दिवशी
शिपायानं सगळ्यांना चहा पाजला.

तीनशे बारा टेम्पोतून आली, चटईत गुंडाळून.
चालकाशेजारी आचऱ्याच्या शेवंती मेथर,
मांडीवर डबा.
होडीची नाळ. ऐनाचं लाकूड, साडेतीन हात,
दोन्ही अंगांना एकेक मासा रंगवलेला,
डोळे नको तेवढे मोठे.
बाकीच्या होडीचं सरपण झालं, म्हणाल्या.
मी 'नाळ' लिहिलं
आणि पेन थोडं तिथंच राहिलं.
देणगी की विकत?
"ठेवूक दिलंय."
असा रकाना आमच्याकडे नाही.

मग कागदाच्या लगद्याचे लेप,
गोड्या पाण्यात भिजवलेले,
उघड्या लाकडावर, बाळंतिणीला शेकावं तसे.
लेप सुकायचा आणि मीठ ओढून घ्यायचा.
रोज नवा लेप, रोज नवं मीठ.
लाकूड समुद्र परत देत होतं, सुट्ट्या पैशांत.

पुढच्या सोमवारी शेवंतीबाई येऊन उकिडव्या बसल्या.
"गोड्या पाण्यान लाकूड कुसता गो बाय.
खाऱ्यानच राखल्यान इतकी वर्सां."
बेनितबाई गप्प राहिल्या.
दोघींचंही खरं होतं.
मासा छताकडे बघत होता.

लेप संपल्यावर बाईंनी माशाच्या पोटाशी
नखाएवढी खिडकी कोरली.
निळ्याखाली तांबडा. तांबड्याखाली हिरवा.
खाली परत निळा, पण वेगळा, जाडाभरडा.
भिंगातून बावीस थर मोजले.
नारळी पुनवेआधी दर साली एक.
शेवंतीबाई बोट न लावता सांगत गेल्या:
हो थोरल्याचो, कुवेतीक गेलो त्या वर्साचो.
हो घोवाचो, हात कापता बघ.
आणि मधला हा पांढरा?
"तो माझो. घरात चुनोच होतो फक्त."

आता कुठल्या थरापर्यंत साफ करायचं?
पुस्तक म्हणतं, मुळापर्यंत.
मूळ म्हणजे सासऱ्यांचा कुंचला,
की त्याच्याही खालचं झाड?
बेनितबाईंनी कोरणी डब्यात ठेवली.
काळाच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली,
पुन्हा खोडली.

प्रदर्शनाला कलेक्टर कचेरीतले साहेब आले, फीत कापली,
कणकवलीच्या मुलांनी माशाचे डोळे वहीत काढले,
एकानं पापण्याही काढल्या.

पुनवेच्या आदल्या दिवशी सोमवार, संग्रहालय बंद.
शेवंतीबाई दारात. हातात पिशवी,
पिशवीत काय ते वासावरून कळत होतं.
नियम भिंतीवरच लावलाय, ठळक अक्षरांत.
बेनितबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.
चर्चमध्ये काम आहे म्हणाल्या,
किल्ली माझ्या नोंदवहीवर ठेवली
आणि छत्री न घेताच गेल्या.

मी आतल्या खोलीत जुन्या पावत्या लावत बसलो.
पाऊण तास लावत बसलो.

बुधवारी उघडल्यावर, तीनशे बारासमोर,
स्थिती:
रंग ओला आहे. हात लावू नये.