एक औंसापेक्षा कमी

हार्टफर्डला, विमा कंपनीच्या तळघरात,
जिथे खिडकीच्या जागी नुसतं कॅलेंडर टांगलंय,
एलादियो किन्योनेस सकाळी सातला
टपालाची पहिली गोणी उपडी करतो.

तासाला सतरा डॉलर चाळीस सेंट.
हे तो कुणाला सांगत नाही,
पण बोझेनाला माहीत आहे, कारण तिलाही तेवढेच मिळतात,
आणि ती आधी बोलते, मग डबा उघडते:
"काल अंडी बघितलीस? मी बघितली. नुसती बघितली."
संध्याकाळी ती दुसरीकडे खोकी बांधायला जाते.
तिथली चिकटपट्टी तिच्या कोपराला चिकटून
रोज सकाळी इथे येते.

कापून-कुपून महिन्याला हातात चोवीसशे शहात्तर.
त्यातून भाडं तेराशे पन्नास.
मग बसचा पास, हिवाळ्यात हीटरचं तेल,
यारित्झाच्या दातांची तार,
आणि आजारपणाचा विमा,
जो तो ज्या कंपनीची पत्रं वाटतो
तिच्याकडूनच घेतो,
आणि जो दातांना चालत नाही.
बाकी काय उरतं ते तो विचारत नाही.
आकडा विचारला की आकडा उत्तर देतो.

मार्चमध्ये पगारवाढीची पत्रं आली.
त्यानेच मजल्यामजल्यावर वाटली.
आपलं शेवटी उघडलं. तासाला पस्तीस सेंट.
त्याने ते पुन्हा पाकिटात घातलं
आणि पाकिटाची कड अंगठ्याने दाबत राहिला,
जणू गोंद अजून ओला होता.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
पसरले नाहीत कधी.
पण इथे अंथरूणच दर सप्टेंबरला
आतल्या बाजूने शिवून लहान होतं,
आणि शिवणाऱ्याचं बिल वर येतं.

गेल्या मंगळवारी नवव्या मजल्याचा ट्रे आला.
नवव्यावर घरांची देखभाल करणारी कंपनी आहे,
त्यांचं टपालही इथूनच जातं.
चाळीस पाकिटं, सारखी, पांढरी,
खिडकीतून नाव दिसणारी.
सत्तावीस, अठ्ठावीस,
एकोणतिसाव्यावर
ई. किन्योनेस,
तिसरा मजला, मागची बाजू.

बोझेना समोरच होती. तिने पाहिलं नाही,
किंवा पाहिलं आणि रबरबँड शोधायला वळली.

ते मशीनखाली न सरकवता
खिशात घालता आलं असतं.
परत पाठवण्याच्या खोक्यात, "पत्ता अपूर्ण" म्हणून,
एखाद्या आठवड्यापुरतं झोपवता आलं असतं.
बावीस वर्षांत त्याने दुसऱ्याचं पत्र उघडलेलं नाही.
हे पत्र त्याचंच होतं, तरी अजून त्याचं नव्हतं;
शिक्का बसेपर्यंत ते नवव्या मजल्याचं.

त्याने ते काट्यावर ठेवलं.
एक औंसापेक्षा कमी.
काट्याला खोटं बोलता येत नाही,
पण काट्याला सगळं सांगताही येत नाही.

मशीन खाडकन बोललं. पाकीट पुढच्या ट्रेमध्ये पडलं.
तिसावं. एकतिसावं.

गुरुवारी यारित्झाने दारातून ओरडून विचारलं,
"उघडू?"
तो मोजे काढत होता. म्हणाला, उघड.
ती वाचत गेली तसा तिचा आवाज
लहान मुलासारखा झाला,
जी ती आता राहिलेली नाही.
महिना पंधराशे दहा. एक ऑक्टोबरपासून.
"सादर धन्यवाद" असं शेवटी लिहिलेलं.

एकशे साठ. म्हणजे अकरा तास.
म्हणजे एक अख्खा दिवस आणि वर तीन तास
त्याने वाकून उभं राहायचं,
फक्त आहे तिथेच राहण्यासाठी.
हे गणित त्याने मंगळवारीच केलं होतं,
पाकीट न उघडता, कसं ते त्यालाही ठाऊक नाही.

तिने पाकीट टेबलावर टाकलं.
त्याने उचललं, दिव्याखाली धरलं,
आणि त्याच्या तोंडून निघालं,
"च्, शिक्का वाकडा बसलाय."

ती बघत राहिली.
तो खरंच शिक्क्याकडेच बघत होता.