पायाळू

पायाकडून आले मी.
हारणाबाई सुईण सांगायची, आधी टाच दिसली,
दोन रात्री नुसती टाच.
मग गावाला माझं डोकं कधी लागलंच नाही.

कुणाला उसण भरली, पाठ धरली
की तांबडं फुटायच्या आत कडी वाजायची.
तोंड धुवायचं नाही, बोलायचं नाही.
झोपेतच उचलून न्यायचे मला,
आणि कुणीतरी उंबऱ्यात पालथं पडलेलं असायचं.
डावा पाय, तीनदा.
लाथ नाही मारायची, भार नाही द्यायचा,
नुसता टेकवायचा
आणि मागं न बघता घरी यायचं.

पाठी पायाला ओळखू यायच्या.
गाडीवान गफूरची, मधे पन्हाळ पडलेली.
रेवणअप्पा शिंप्याची, एका अंगाला कललेली.
देशमुखांच्या आबांची गार, गुळगुळीत;
तिच्यावर पाय ठेवताना मी श्वास धरला होता.
एरवी आम्ही त्यांच्या ओसरीच्या खालीच थांबायचो.
आबांना उतार पडला.
मी वेशीकडं वळले तेव्हा
मागं बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज झाला.
मागं बघायचं नसतंच.

पदरात पडायची ज्वारी, कधी शेंगा,
एकदा जुन्या चपला, दोन बोटं मोठ्या.

आभाळ गडगडलं की मात्र
हीच माणसं मला लिंबाखालून हुसकून लावायची:
पायाळूवर वीज पडती, तिकडं हो.
मी खळ्याच्या मधोमध पोतं पांघरून बसायचे
आणि मोजायचे
कुणाकुणाची पाठ सोडवली ते.

माय तेवढी कधी पालथी झाली नाही.
मोळ्या वाहून कंबर गेली तरी
तापल्या विटेचा शेक, निरगुडीचा पाला,
एरंडाचं पान तेल लावून,
सगळं एकटीच करायची चुलीपुढं.
तुझी लाथ मी सगळ्यांच्या आधी खाल्ली, म्हणायची,
तेवढी पुरे.

आता मी केजला औषधाच्या दुकानात असते.
मलमाच्या नळ्या, कमरेचे पट्टे,
जेवणाआधी, जेवणानंतर.
गिऱ्हाइकांना माझे पाय काउंटरमुळं दिसत नाहीत.

परवा पहाटे मायचा फोन.
बोलू नको, म्हणाली.
तोंड धुतलं नसशील
तर तशीच ये.

पहिल्या एसटीत कंडक्टरनं दोनदा विचारलं, कुठं?
मी सुटे पैसे पुढं केले
आणि पाटीवरच्या गावावर बोट ठेवलं.